बाहेरून घेतलेली झडती

फेब्रुवारी २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टने दर महिन्याच्या शिरस्त्याप्रमाणे विंडोजच्या सुरक्षा-दुरुस्त्या जगभर पाठवल्या. त्यांतल्या एमएस१०-०१५ या दुरुस्तीने एक भलतंच प्रकरण उघडकीला आणलं. ती बसवून संगणक पुन्हा सुरू केला की अनेकांच्या, त्यातही विंडोज एक्सपी वापरणाऱ्यांच्या, समोर निळा पडदा यायचा आणि मशीन तिथेच अडायचं. पुन्हा चालू केलं तरी तेच. लोक चिडले, कंपनीने ती दुरुस्ती पाठवणं थांबवलं आणि तपास सुरू केला. काही दिवसांत कारण सापडलं. बंद पडलेल्या या संगणकांत आधीपासूनच ॲल्युरिऑन नावाचं रूटकिट, म्हणजे स्वतःला लपवून ठेवणारं मालवेअर (घातक प्रोग्राम), घुसून बसलं होतं. विंडोजच्या गाभ्यातले काही पत्ते त्याने कायमचे गृहीत धरले होते. दुरुस्तीने ते पत्ते बदलले, रूटकिटने नको तिथे हात घातला आणि सगळा डोलारा कोसळला.

दुरुस्ती आली नसती तर या लोकांना आपल्या मशीनमध्ये कुणी बसलंय याचा पत्ताच लागला नसता. कारण ॲल्युरिऑनची लपायची तऱ्हाच तशी होती. हार्ड डिस्कशी बोलणाऱ्या ड्रायव्हरच्या फाइलमध्ये ते घर करायचं. अँटिव्हायरसने ती फाइल तपासायला मागितली की तिची मूळची, स्वच्छ प्रत पुढे करायचं. अँटिव्हायरस ती वाचणार आणि सगळं ठीक असल्याचं सांगणार. त्याची चूक काहीच नाही, त्याला दाखवलंच तेवढं जात होतं.

संगणकातला अँटिव्हायरस स्वतः डिस्क वाचत नाही. तो विंडोजला विनंती करतो, विंडोज ड्रायव्हरला सांगते, ड्रायव्हर डिस्कवरून मजकूर आणतो आणि त्याच वाटेने तो परत वर पोचतो. या वाटेवर कुठेही खालच्या पायरीला मालवेअर बसलं, की वरच्यांना काय दिसावं हे तेच ठरवणार. घराची झडती घ्यायला गेलेल्या पोलिसांना चोरानेच खोल्या दाखवत फिरवावं, असा हा प्रकार. विंडोज चालू ठेवून केलेल्या तपासणीची ही मूळची मर्यादा आहे. अँटिव्हायरस कितीही महागाचा घेतला तरी ती पुरती जात नाही.

तिच्यावरचा उपाय मात्र साधा आहे: विंडोजला उठूच द्यायचं नाही.

बूट होणारा पेनड्राइव्ह नेमकं हेच करतो. बंद संगणकाला तो लावायचा आणि मशीन चालू करताना त्याला हार्ड डिस्कऐवजी या पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला सांगायचं. पेनड्राइव्हवर एक छोटीशी, स्वतंत्र कार्यप्रणाली असते, बहुतेक वेळा लिनक्स. ती थेट मेमरीत चढते, सोबतचा अँटिव्हायरस चालू करते आणि हार्ड डिस्क हा जणू बाहेरून जोडलेला डबा आहे असं समजून तिच्यातली एकेक फाइल वाचते. विंडोजसाठी लिहिलेलं मालवेअर तेव्हा चालू नसतं. ते डिस्कवर एक निर्जीव फाइल म्हणून पडलेलं असतं, त्याला खोटं बोलायची संधीच मिळत नाही. या साधनाला कंपन्या रेस्क्यू डिस्क, लाइव्ह डिस्क, इमर्जन्सी डिस्क अशी वेगवेगळी नावं देतात, तत्त्व एकच.

हे तत्त्व पेनड्राइव्हपेक्षा बरंच जुनं आहे. आयबीएम पीसीवरचा पहिला प्रसिद्ध व्हायरस 'ब्रेन' १९८६चा, लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी लिहिलेला. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे संगणक सुरू होताना सर्वांत आधी वाचल्या जाणाऱ्या जागेत बसायचा. आणि कुणी तो सेक्टर वाचू लागलं की दुसरीकडे जपून ठेवलेला मूळचा सेक्टर दाखवायचा. ॲल्युरिऑनने २४ वर्षांनंतर केलं ते याहून फार वेगळं नव्हतं. म्हणून त्या काळच्या अँटिव्हायरसच्या सूचनांत एक वाक्य हमखास असे: आधी स्वच्छ, राइट-प्रोटेक्ट केलेल्या फ्लॉपीवरून मशीन सुरू करा, मगच तपासणी करा. सव्वापाच इंचाच्या फ्लॉपीच्या कडेची खाच चिकटपट्टीने बंद केली, किंवा साडेतीन इंचाच्या फ्लॉपीची छोटी प्लॅस्टिकची पट्टी सरकवून भोक उघडं ठेवलं, की ड्राइव्ह तिच्यावर लिहायलाच नकार देई. ही अडवणूक यंत्राची होती, त्यामुळे कुठल्याही प्रोग्रामला ती सहजी ओलांडता येत नसे.

त्याच सुमाराला पुण्यात अँटिव्हायरसच्या धंद्याची एक मोठी गोष्ट सुरू झाली. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता संगणक दुरुस्तीकडे वळले होते. धाकटे भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होते. दुरुस्तीला येणाऱ्या मशीनमध्ये व्हायरसचा सुळसुळाट होता. ६ मार्च १९९२ या तारखेसाठी जगभर ज्याची धास्ती पसरली तो 'मायकेलअँजेलो' त्यांतलाच, बूट सेक्टरमध्ये बसणारा आणि नेमक्या त्या तारखेला हार्ड डिस्कच्या सुरुवातीचा भाग खरडून टाकणारा. संजय यांनी अशा व्हायरसवर औषध लिहायला घेतलं आणि १९९०च्या दशकाच्या मध्यावर त्यातून 'क्विक हील' बाजारात आलं. दुरुस्तीच्या टेबलावर जन्मलेल्या या अँटिव्हायरसमध्ये इमर्जन्सी डिस्क बनवण्याची सोय पुढे दिली गेली, हे त्याच्या मुळाला धरूनच झालं. मशीन सुरूच होत नाही, ही दुरुस्तीवाल्याकडे येणारी सर्वांत नेहमीची तक्रार आहे.

फ्लॉपीनंतर सीडी आली. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० मध्ये काढलेल्या 'क्नॉपिक्स'ने दाखवून दिलं की आख्खं लिनक्स, खिडक्या-माउससकट, हार्ड डिस्कला हातही न लावता सीडीवरून चालू शकतं. अँटिव्हायरस कंपन्यांच्या रेस्क्यू सीडी याच वाटेने आल्या. आणि बाहेरून पाहण्याची गरज किती खरी आहे, हे २००५ मध्ये एका अनपेक्षित ठिकाणाहून सगळ्यांना कळलं. विंडोजचे जाणकार मार्क रसिनोविच यांना स्वतःच्याच संगणकात लपवलेल्या फाइली सापडल्या. माग काढत ते पोचले सोनी बीएमजीच्या एका गाण्यांच्या सीडीपर्यंत. नक्कल रोखण्यासाठी कंपनीने सीडीतून गुपचूप एक प्रोग्राम बसवला होता. ज्या फाइलच्या नावाच्या सुरुवातीला डॉलर चिन्ह, 'सिस' ही अक्षरं आणि पुन्हा डॉलर चिन्ह असेल, ती विंडोजमध्ये दिसेनाशीच होई. कुणाही व्हायरस लिहिणाऱ्याने आपल्या फाइलला तसं नाव दिलं की तिलाही हा आडोसा फुकटात मिळणार होता, आणि काहींनी तसा तो घेतलाही.

त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 'घोस्टबस्टर' नावाचं एक साधन मांडलं. त्याची युक्ती मोठी देखणी होती. आधी विंडोज चालू असताना डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची यादी करायची. मग सीडीवरून बूट करून तीच यादी बाहेरून करायची. दोन याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या. बाहेरून दिसतं पण आतून दिसत नाही असं जे असेल, ते कुणीतरी मुद्दाम लपवलेलं आहे. व्हायरसचं नाव माहीत असण्याची गरज नाही, त्याने लपणं हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा.

आज ही साधनं बहुतेक फुकट मिळतात. कॅस्परस्की रेस्क्यू डिस्क आणि डॉक्टर वेबची लाइव्हडिस्क ही त्यांतली जुनी, मुरलेली नावं. दोन्ही कंपन्या रशियन आहेत, आणि अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने जून २०२४ मध्ये कॅस्परस्कीच्या विक्रीवर बंदी जाहीर केली, हेही निवड करणाऱ्याला माहीत असलेलं बरं. काही कंपन्यांनी आपल्या स्वतंत्र डिस्क गुंडाळल्या. बिटडिफेंडरने ती सोय अँटिव्हायरसच्या आतच आणली. विंडोज १० आणि ११ मध्ये तर डिफेंडरची 'ऑफलाइन स्कॅन' ही सोय जन्मजात आहे. विंडोज सिक्युरिटीत जाऊन व्हायरस तपासणीच्या पर्यायांत ती निवडली की मशीन बंद होऊन वेगळ्या वातावरणात उठतं, साधारण पंधरा मिनिटं तपासतं आणि परत येतं. सामान्य माणसाने पहिलं पाऊल हेच टाकावं, त्याला पेनड्राइव्हही लागत नाही. फक्त ते वातावरण त्याच मशीनच्या डिस्कवर ठेवलेलं असतं आणि सुरुवात संशयित विंडोजमधूनच करावी लागते. विंडोज उघडतच नसेल किंवा संशय फार दाट असेल तर पेनड्राइव्हला पर्याय नाही.

पेनड्राइव्ह बनवायचा तो दुसऱ्या, निरोगी संगणकावर. कंपनीच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे आख्ख्या डिस्कची एकाच फाइलमधली प्रत, उतरवायची आणि रूफस किंवा बलेना एचर अशा प्रोग्रामने ती पेनड्राइव्हवर चढवायची. ८ जीबीचा पेनड्राइव्ह सहसा पुरतो, मात्र त्यावरचा जुना मजकूर पुसला जातो. आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही, त्यावरून मशीन बूट होत नाही. अपवाद व्हेंटॉयचा: ते एकदा पेनड्राइव्हवर बसवलं की चार वेगवेगळ्या आयएसओ फाइली सरळ कॉपी कराव्यात आणि सुरू होताना यादीतून हवी ती निवडावी. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत दुरुस्तीची कामं करणाऱ्यांना अशी सोय फार कामाची.

फाइल कुठून घेतली याला अतिशय महत्त्व आहे. कुणी मित्राने पाठवलेल्या दुव्यावरून किंवा 'सगळी सॉफ्टवेअर मोफत' म्हणणाऱ्या ठिकाणाहून घेतलेली रेस्क्यू डिस्क म्हणजे विकतचं दुखणं. अधिकृत ठिकाणीही डोळे उघडे ठेवावे लागतात. २० फेब्रुवारी २०१६ रोजी लिनक्स मिंट या लोकप्रिय लिनक्सचं संकेतस्थळच हल्लेखोरांनी फोडलं आणि उतरवण्याचा दुवा चोरदरवाजा असलेल्या आयएसओकडे वळवला. म्हणून कंपनी फाइलसोबत जी लांबलचक एसएचए-२५६ ओळख छापते, ती आपल्या फाइलच्या ओळखीशी ताडून पाहावी.

आता प्रत्यक्ष झडती. इथे एक बारकावा बहुतेकांच्या हातून सुटतो. विंडोज ८ पासून 'शट डाउन' केलं तरी संगणक पुरता बंद होत नाही. पुढच्या वेळी लवकर उठता यावं म्हणून विंडोज आपल्या गाभ्याची अवस्था डिस्कवर गोठवून ठेवते. अशा अर्धवट झोपलेल्या डिस्कवर लिनक्स सहसा लिहायला नकार देतं, आणि मग व्हायरस सापडतो पण हलवता येत नाही. शिफ्ट दाबून ठेवून 'शट डाउन' केलं की मशीन खरोखर बंद होतं. त्यानंतर पेनड्राइव्ह लावायचा. चालू असलेल्या, बाधित विंडोजला तो आधी लावला तर स्वच्छ साधनालाच संसर्ग होण्याची भीती.

मशीन चालू करताच डेल किंवा लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९ किंवा एस्केप अशी कळ टपटप दाबत राहायची. काळ्या पडद्यावर एक छोटी यादी येते, त्यात पेनड्राइव्हचं नाव दिसतं. ते निवडलं की पांढऱ्या अक्षरांच्या ओळी सरसर वर जातात आणि थोड्या वेळाने अँटिव्हायरसची खिडकी उघडते. पहिलं काम व्हायरसची यादी ताजी करून घेण्याचं. वायफाय इथे अनेकदा दगा देतं, कारण त्या छोट्या लिनक्सकडे प्रत्येक वायफाय चिपचा ड्रायव्हर नसतो. राउटरपासून लॅनची केबल ओढली की प्रश्न मिटतो. मग स्कॅन. १ टीबीची जुनी, फिरती हार्ड डिस्क सेकंदाला १०० एमबीच्या वेगाने वाचली तरी नुसत्या वाचनाला पावणेतीन तास लागतात, लाखो बारीक फाइली असल्या तर त्याहून जास्त. लॅपटॉपला चार्जर लावून रात्री स्कॅन लावून द्यावं हे उत्तम.

निकालाची यादी आली की हात आवरावा. सगळं निवडून 'डिलीट' करण्याचा मोह टाळून 'क्वारंटाइन', म्हणजे फाइल न पुसता बाजूला कोंडून ठेवणं, निवडावं, कारण अँटिव्हायरसही चुकतात. २१ एप्रिल २०१० रोजी मॅकअफीच्या एका अद्ययावत यादीने विंडोज एक्सपीची स्वतःची 'एसव्हीसीहोस्ट' ही अत्यावश्यक फाइलच व्हायरस ठरवली. जगभरची कार्यालयं ठप्प झाली आणि तंत्रज्ञांना एकेका मशीनपाशी जाऊन ती परत बसवावी लागली. क्वारंटाइन केलेली फाइल परत आणता येते, पुसलेली आणणं जिकिरीचं असतं.

या सगळ्यात पेनड्राइव्हकडेच संशयाने पाहायला हवं, कारण एके काळी व्हायरस पसरवण्यात तोच पुढे होता. २००८च्या कॉन्फिकर या वर्मने तर विंडोजच्या ऑटोप्लेच्या खिडकीत 'फोल्डर उघडा' अशी ओळ, फोल्डरच्याच चित्रासह, स्वतःची म्हणून घुसवली. लोक विश्वासाने तिच्यावर क्लिक करत आणि वर्म चालू होई. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्येही पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं, तेव्हा त्याला आळा बसला. पण झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला नेलेला पेनड्राइव्ह घरी आणावा आणि सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसावेत, हा अनुभव आपल्याकडे घरोघरचा आहे. तोच पेनड्राइव्ह लिनक्सवर उघडला की सगळा डाव उघडा पडतो: खरे फोल्डर जागच्या जागी, फक्त लपवलेले, आणि त्यांच्या शेजारी विचित्र नावाची एक स्क्रिप्ट. प्रत्येक शॉर्टकट आधी तिला चालवत होता आणि मग फोल्डर उघडत होता. कार्यालयांत कुठला पेनड्राइव्ह चालू द्यायचा यावर लगाम ठेवण्यासाठी सी-डॅक या सरकारी संस्थेने 'यूएसबी प्रतिरोध' हे साधन काढलं आहे. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रातर्फे २०१७ पासून ते मोफत मिळतं.

फ्लॉपीची ती सरकती पट्टी आज फार थोड्या पेनड्राइव्हना असते, ही खरी हानी आहे. बाजारात शोधून असा एखादा मिळाला तर रेस्क्यू डिस्कसाठी तोच राखून ठेवावा. नाहीतर दर काही महिन्यांनी, निरोगी मशीनवर, पेनड्राइव्ह नव्याने बनवावा.

बाहेरच्या झडतीलाही कुलपं आडवी येतात. त्यांतलं सर्वांत मोठं बिटलॉकरचं, म्हणजे डिस्क कूटबद्ध करणाऱ्या विंडोजच्या सोयीचं. नव्या लॅपटॉपवर डिस्क बहुधा आपोआप कूटबद्ध झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पना नसते. रेस्क्यू डिस्कला मग तिथे फाइली दिसतच नाहीत, निव्वळ अर्थहीन अक्षरं दिसतात. ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी नसेल तर पुढे जाता येत नाही. काही रेस्क्यू डिस्कसाठी सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी कार्यप्रणालीला सुरू होऊ न देणारी सोय, बंद करावं लागतं, आणि ते बंद करताच बिटलॉकर हीच की मागून बसू शकतं. ही की हाताशी असणं किती गरजेचं, याचा प्रत्यय जगाला जुलै २०२४ मध्ये आला. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या सदोष अद्यतनाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले, भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास वाटले गेले. तो व्हायरस नव्हता, पण सुटकेचा एक मार्ग हाच होता: मायक्रोसॉफ्टने बूट होणारा दुरुस्तीचा पेनड्राइव्ह बनवायचं साधन दिलं, आणि कूटबद्ध मशीनपाशी तंत्रज्ञ रिकव्हरी की शोधत बसले. घरच्या मशीनची ती की बहुधा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. संकट येण्याआधी ती कागदावर उतरवून कपाटात ठेवणं, हे रेस्क्यू डिस्क बनवण्याइतकंच निकडीचं काम आहे.

काही शत्रू डिस्कवर राहतच नाहीत. २०१८ मध्ये ईसेट कंपनीने उजेडात आणलेलं 'लोजॅक्स' मदरबोर्डवरच्या फर्मवेअरच्या चिपमध्ये बसत होतं, विंडोज नव्याने टाकली किंवा हार्ड डिस्क बदलली तरी टिकत होतं. सामान्य माणसाच्या वाट्याला असं सहसा येत नाही. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं रॅन्समवेअर मात्र येतं. तिथे रेस्क्यू डिस्क खंडणीखोर प्रोग्राम काढू शकते, पण कुलूपबंद फाइली उघडू शकत नाही. त्यासाठी 'नो मोअर रॅन्सम' या युरोपोलच्या सहभागाने २०१६ मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाकडे किल्ली आहे का ते पाहावं.

आपल्याकडे मशीन बिघडलं की पहिला सल्ला मिळतो तो 'फॉरमॅट मारून टाका'. त्यात कुणाचे लग्नाचे फोटो जातात, कुणाच्या दुकानाचं वर्षभराचं टॅली जातं. रूटकिट सापडलं असेल तर शेवटी विंडोज नव्याने टाकणं शहाणपणाचंच. पण त्याआधी एक पायरी असते, आणि ती वगळायचं काही कारण नाही. ज्या पेनड्राइव्हवरून झडती घेतली, त्याच्याच लिनक्समधून फोटो आणि कागदपत्रं बाहेरच्या डिस्कवर काढून घेता येतात, तेही मालवेअर झोपलेलं असताना. फक्त चालणारे प्रोग्राम, म्हणजे ईएक्सई फाइली, सोबत घेऊ नयेत. मशीन दुरुस्तीला देताना ग्राहकाने हे आधी मागून घ्यावं आणि दुरुस्तीवाल्याने ते स्वतःहून सुचवावं.

मशीन स्वच्छ झाल्यावर किंवा नव्याने उभं राहिल्यावर बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदलायचे राहतात. ते दुसऱ्या, विश्वासाच्या फोनवरून किंवा संगणकावरून लगेचच बदलावेत, मशीन दुरुस्त व्हायची वाट पाहू नये, कारण मालवेअरने ते आधीच बाहेर पाठवलेले असू शकतात. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार नोंदवावी. तिथे जितका उशीर, तितकी रक्कम गोठवून मिळण्याची शक्यता कमी.